सोमवारी बसवलेला दात

आता काय सांगू तुम्हाला! सांगायचं म्हणजे तोंड उघडावं लागतं, आणि माझी सगळी पंचाईत तिथेच आहे.

धुळ्यातल्या एका शाळेत मी हेडक्लार्क होतो. निवृत्त झालो आणि दात, डोळे, कान तिघांनी एकदमच राजीनामे दिले. विमा आहे हो! पण दवाखान्यात खाट धरली तरच. दात, चष्मा, कानाचं मशीन? ते म्हणे किरकोळ! सगळं पेन्शनीतून. म्हणून ठरवलं, यंदा दात, पुढे चष्मा, कान सगळ्यात शेवटी. "आधी कान करा," असं शकुंतला, म्हणजे आमची बायको, म्हणाली होती म्हणे. मला ऐकू आलं नाही.

समोरच्या दातावर टोपी बसवायची होती. "जरा स्वस्तात बघा," मी दातांच्या डॉक्टरीणबाईंना म्हटलं. त्या मास्कआडून काहीतरी पुटपुटल्या. मी ऐकलं, "सोमवारी चालेल?"

"चालेल की!"

त्या मोठ्यानं म्हणाल्या, "पुढचा दात आहे, नाना. नक्की?"

"नक्की! बायकोलाही तेच बरं पडतं."

बाईंचे डोळे विस्फारले. मला वाटलं, कौतुकानं!

सोमवारी टोपी बसली. आरशात जुन्या चष्म्यातून नुसतं काहीतरी चकाकताना दिसलं. म्हटलं, वा, काय स्वच्छ काम! पैसे दिले, निघालो.

रिक्षावाला बघतच राहिला. कानाशी येऊन ओरडला, "नाना, बठ्ठं पेन्शन तोंडमा घालं का?" सगळं पेन्शन, तोंडात? मला काही उमजेना.

घरी शकुंतलानं दार उघडलं आणि तोंडाला पदर लावला. "अहो, सोन्याचा?"

तसाच परत गेलो. बाई बिचाऱ्या कानात ओरडल्या, "'सोनेरी चालेल?' असं विचारलं होतं, नाना! तीच स्वस्त पडते! बदलायची तर पुन्हा सगळा खर्च."

भांडायलाही जीव उरला नव्हता हो. मुकाट्यानं चष्म्याचे पैसे कानाला लावले आणि आठवडाभरानं मशीन घेऊन आलो.

दारातच शकुंतलाचा आवाज कानी आला. किती दिवसांनी इतका स्वच्छ! जळगावच्या बहिणीशी फोनवर बोलत होती, "नाही गं, राहू दे तो सोनेरी. जन्मभर माणूस कधी हसला नाही. आता पैसे वसूल व्हावेत म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसतो!"

रागावणार होतो. पण काय करता? तेव्हाही मी समोरच्या दूधवाल्याकडे बघून हसतच उभा होतो.