तुम्ही व्हा पुढे

"तुम्ही व्हा पुढे, मी येतेच."

हे म्हणताना त्या उजव्या हाताने आपल्याला किंचित ढकलल्यासारखं करायच्या. ढकलायच्या नाहीत, नुसतं तसं करायच्या. डाव्या हातात पर्स, पर्सची चेन अर्धी उघडी, आत पासपोर्ट. तुम्हीही विमानतळावर अशी माणसं पाहिली असतील. सगळं कुटुंब एका रांगेत आणि एकजण शेजारच्या लांब रांगेत, हसत हात हलवणारं. आमच्यात ते एकजण म्हणजे मावशी.

वयाने माझ्या ताई शोभल्या असत्या, पण आमची लेक सानू त्यांना मावशी म्हणायची, म्हणून त्या सगळ्यांच्याच मावशी झाल्या. ख्राइस्टचर्चला रिकार्टनमध्ये आमच्या मागच्या कुंपणापलीकडे त्यांचं घर. यजमान गेलेले, मुलगा ऑकलंडला. स्वतः हॉस्पिटलच्या फार्मसीत. ती नोकरी त्यांच्या हाताला इतकी चिकटली होती की कुंपणावरून चिवड्याची बरणी आली तरी तिला लेबल असायचं : "दिवसातून दोनदा, चहाबरोबर." एकदा लिंबाच्या लोणच्यावर लिहिलं होतं, "लहान मुलांपासून दूर ठेवा." ते माझ्यासाठी होतं, हे बायकोने आठवड्याभराने सांगितलं.

आम्ही तिघांनी न्यूझीलंडचं नागरिकत्व कधीच घेतलं होतं. मावशींचा पासपोर्ट मात्र भारताचाच. दोन्ही पासपोर्ट निळे, टेबलावर शेजारी ठेवले तर नेमका कुठला कोणाचा हे बघावं लागे. काउंटरवरच्या माणसाला मात्र लांबूनच कळायचं.

मी एकदा विचारलं, "मावशी, तुम्ही का नाही बदलत?" माझ्या मनात उत्तर तयार होतं : मातृभूमी, भावना वगैरे. मावशी म्हणाल्या, "अहो, आई सांगलीला आहे. उद्या अक्काचा फोन आला की आईचं काही खरं नाही, तर मी काय व्हिसाच्या रांगेत उभी राहू? त्याच दिवशी निघता आलं पाहिजे."

संपलं. भावनेचा इतका व्यवहारी हिशेब मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

आणि फोन आला. मावशी खरोखर त्याच दिवशी निघाल्या. पासपोर्टने आपलं काम चोख केलं. धुक्याने मात्र ऑकलंडचं विमान अडवलं, त्यामुळे सिंगापूरचं पुढचं विमान चुकलं, आणि मावशी सांगलीच्या घरी पोचल्या तेव्हा अंगणात फक्त चपला होत्या. सगळे घाटावरून परतले होते.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे मावशींना कनेक्शन या शब्दाची धास्ती बसली. दुसरी म्हणजे अक्का, म्हणजे त्यांची थोरली बहीण, जिने आईचं शेवटपर्यंत सगळं केलं, ती फोनवर यायची बंद झाली. फोन भाचा घ्यायचा. "आई देवळात गेलीय, मावशी." "आई झोपलीय." मावशी कुंपणाशी उभ्या राहून मला सांगायच्या, "आजही देवळात." मग थोडं थांबून, "सांगलीत एवढी देवळं नाहीत हो."

अशात आम्ही युरोपला जायचं ठरवलं. रेल्वेनेच जायचं, असा माझा हट्ट. न्यूझीलंडमध्ये कितीही वेळ गाडीत बसलात तरी पुढे समुद्रच येतो. दुसरा देश काही येत नाही. आमच्यासाठी सीमा म्हणजे विमानतळावरचं बायोसिक्युरिटीचं टेबल, बुटाला चिखल आहे का आणि बॅगेत मेथीचे लाडू आहेत का, एवढंच. मावशी लाडू नेहमी डिक्लेअर करायच्या. तिथल्या अधिकाऱ्याला घटक पदार्थ सांगायच्या, वर कंबरदुखीवर किती घ्यायचे तेही सांगायच्या. आणि आम्हाला? "तुम्ही व्हा पुढे."

मी नकाशा पसरून बसलो असताना मावशी म्हणाल्या, "मी येऊ का तुमच्याबरोबर?" भाचा आता बाझेलला औषध कंपनीत होता आणि अक्का तीन महिन्यांसाठी त्याच्याकडे आली होती. "फोनवर देवळात जाते. समोर उभी राहिले तर कुठे जाईल?"

बेत साधा होता. बाझेल स्वित्झर्लंडचं, पण जर्मनीच्या अगदी हद्दीवर. भाचा अक्काला घेऊन जर्मनीत फ्रायबुर्गला येणार, तिथे दोघी भेटणार. मावशींनी जर्मनीला चालणारा शेंगेन व्हिसा काढला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच. स्वित्झर्लंड तेव्हा शेंगेनमध्ये नव्हतं, पण तिथे जायचंच नाही तर त्याचा वेगळा व्हिसा कशाला?

प्रवासात मी टूर मॅनेजर झालो. ही पदवी मावशींनीच दिली, आणि त्यात आदर नव्हता.

"टूर मॅनेजर, दोन गाड्यांमध्ये अंतर किती?"

"बारा मिनिटं. प्लॅटफॉर्म समोरच आहे."

"बारा मिनिटांत मी चष्मा शोधते."

"मावशी, ही युरोपची रेल्वे आहे. वेळेवर येते."

"ऑकलंडचं विमानही वेळेवर येतं, धुकं येईपर्यंत."

 मी सगळी कनेक्शन्स बदलून मध्ये दोन-दोन तासांची सोय केली. त्या यात्रेत आम्ही युरोपची स्मारकं कमी आणि स्टेशनांवरचे बाक जास्त पाहिले.

लंडनच्या स्टेशनवर, गाडीत बसायच्या आधीच, फ्रान्सच्या अधिकाऱ्यांनी आम्हा तिघांचे पासपोर्ट उघडले न उघडले तोच मिटले. मावशींना बाजूला घेतलं. परतीचं तिकीट, हॉटेल, नोकरीचं पत्र. आम्ही काचेपलीकडे पुतळ्यांसारखे उभे. मावशींचा हात हलला : व्हा पुढे. सानूने विचारलं, "व्हाय इज इट ऑल्वेज मावशी?" मी तिला पासपोर्टचं राजकारण समजावणार होतो, पण मला ते नीट येत नाही हे लक्षात आलं. मावशी आल्या आणि म्हणाल्या, "फारच बारकाईने वाचतात हो. माझी लेबलं कोणी इतकी नीट वाचली नव्हती."

फ्रान्समधून जर्मनीत जाताना तर गंमतच. एक नदी गेली आणि मी म्हणालो, "सानू, ही बघ बॉर्डर!" ती म्हणाली, "इज दॅट इट?" शिक्का नाही, कुत्रा नाही, लाडू कोणी विचारले नाहीत. मावशींनी मात्र पासपोर्ट नदीच्या आधीपासून मांडीवर काढून ठेवला होता आणि नदी गेल्यावरही बराच वेळ तो तसाच होता.

फ्रायबुर्गला पोचलो, आणि संध्याकाळी भाच्याचा फोन. त्याचा आवाज पडलेला. अक्काचा व्हिसा फक्त स्वित्झर्लंडचा. जर्मनीत यायला तो चालत नाही, हे त्याला त्याच दिवशी ऑफिसात कोणीतरी सांगितलं होतं. "मला वाटलं, युरोप म्हणजे युरोप," तो म्हणाला. मला त्याच्यावर हसायचा अधिकार नव्हता. मलाही तसंच वाटलं असतं. दोघींचे पासपोर्ट भारताचे, एक जर्मनीत, एक स्वित्झर्लंडमध्ये, मध्ये तासाभराचं अंतर, आणि दोघींनाही ते ओलांडता येत नव्हतं. आणि अक्का त्याच आठवड्यात परत निघणार होती.

मावशींनी माझा नकाशा ओढून घेतला आणि बाझेलवर बोट ठेवलं. मग त्यांनी मला फोन पुन्हा लावायला सांगितला.

"बाळा, गाडी कुठपर्यंत येते?"

भाच्याने सांगितलं ते मला नवीनच होतं. बाझेल शहरात एक स्टेशन जर्मन रेल्वेचं आहे. जमीन स्वित्झर्लंडची, पण फलाट हिशेबाने जर्मनीत. फलाटाखालच्या बोगद्यात दोन्ही देशांचे पहारेकरी बसतात. त्यांच्या टेबलापलीकडे गेलं की स्वित्झर्लंड.

"म्हणजे दारातून बाहेर जाता येत नाही," मावशी म्हणाल्या, "पण दारापर्यंत जाता येतं ना?"

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं त्या बोगद्यात उतरलो. लांब, स्वच्छ बोगदा. मध्ये टेबलं आणि दोन-तीन गणवेश. आणि त्यापलीकडे नऊवारी नेसलेली, पायात भाच्याचे लोकरी मोजे आणि वर स्वेटर घातलेली अक्का. मावशींपेक्षा उंच. चेहरा असा की आपण आपोआप शर्ट खोचावा.

भाच्याने पहारेकऱ्यांना आधीच विनवून ठेवलं असावं. एक पोक्त जर्मन पहारेकरी, पांढऱ्या मिशांचा, त्याने मान हलवली : इथपर्यंत. जमिनीवर एक पट्टी होती. मावशी पट्टीच्या अलीकडे, अक्का पलीकडे. दोघी एकमेकींकडे बघत होत्या. कोणी आधी बोलायचं हे ठरत नव्हतं.

मावशींनी पिशवीतून डबा काढला. ख्राइस्टचर्चहून तीन देशांत डिक्लेअर करत आणलेले मेथीचे लाडू. झाकणावर लेबल : "रोज एक. सकाळी. न चुकता." त्यांनी डबा पुढे केला.

अक्काने हात मागे घेतला.

"उंबऱ्यावरून देऊ-घेऊ नये," ती म्हणाली. कितीतरी महिन्यांनी बहिणीशी बोललेलं पहिलं वाक्य. "आत ये."

"अक्का, आत येता येत नाही गं."

"मग मी येते तिकडं."

"तुलाही येता येत नाही."

"मग राहू दे. उंबऱ्यावरून नको."

डबा हवेत तसाच. मागे लोक तुंबले होते. पहारेकऱ्याने मला विचारलं, काय अडचण आहे? मी इंग्रजी, हातवारे आणि शाळेत कधी न शिकलेलं जर्मन वापरून सांगू लागलो : इंडिया, डोअर, गिव्हिंग, नॉट गुड, सिस्टर. एक मुलाखत मी अशीच दिली होती आणि ती नोकरी मिळाली नव्हती. तो ऐकत होता. डब्याकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं, अक्काच्या मोज्यांकडे बघितलं. मग शेजारच्या स्विस गणवेशाशी दोन शब्द बोलला आणि एकदम कडक आवाजात म्हणाला, "कंट्रोल!"

म्हणजे तपासणी. त्याने दोघींकडे बोट केलं आणि मग बाजूच्या एका दाराकडे.

ती खोली कसली हे मला काचेतून दिसत होतं. टेबल, दोन खुर्च्या, बॅगा उलट्या करायची जागा. संशयित माणसाला नेतात ती खोली. बायकोने माझा हात घट्ट धरला. सानू म्हणाली, "डॅड, डू समथिंग!" भाचा पांढराफटक.

मावशींनी मागे वळून पाहिलं. पहिल्यांदाच त्या ते वाक्य हसू दाबत म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे. मी येतेच."

पट्टीच्या एका बाजूने मावशी आत गेल्या, दुसऱ्या बाजूने अक्का. पहारेकरी दार उघडंच ठेवून, आत पाठ करून, दारात उभा राहिला. नियम असावा. नसला तरी त्याने तो तेव्हा केला असावा.

आम्ही पुढे झालो नाही. पुढची गाडी वर फलाटावर येऊन गेली, तिचा आवाज डोक्यावरून गेला. माझी दोन तासांची सोयही त्या दिवशी पुरली नाही.

उघड्या दारातून ऐकू येत होतं. आधी नुसतं, "किती वाळलीस. काय खातीस तिकडं?" मग डब्याचं झाकण. मग मावशींचा आवाज, "अक्का, धुकं होतं गं. मी त्याच दिवशी निघाले होते."

"मला म्हाईत आहे की."

"मग फोनवर का येत नव्हतीस?"

झाकण पुन्हा लावल्याचा आवाज. मग अक्का म्हणाली, "आई सारखी विचारत होती, धाकटी आली का. शेवटी शेवटी दिसत नव्हतं तिला. मी म्हटलं, आली. हा घे तिचा हात. आणि माझा दिला."

पहारेकऱ्याला मराठी येत नव्हतं, तरी तो आणखी एक पाऊल बाहेर सरकला.

"तुझ्याशी कुठल्या तोंडानं बोलू? तुझी जागा घेतली मी. खोटं सांगून."

मावशींनी काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. काचेतून दिसलं. त्यांनी अक्काचा तो हात ओढून घेतला आणि दोन्ही हातांत धरून टेबलावर ठेवला, जिथे एरवी लोकांचं सामान ओतत असतील. आणि तसा तो धरूनच ठेवला.

बाहेर आल्या तेव्हा डबा अक्काकडे होता. पहारेकऱ्याच्या हातात एक लाडू. मावशी त्याला बोटांनी दाखवत होत्या : एकच. सकाळी.

पुढे निवृत्त झाल्यावर मावशींनी रिकार्टनचं घर विकलं आणि सांगलीला राहायला निघाल्या. अक्काचे गुडघे आता जिना चढू देत नव्हते, भाचा परदेशात. "तरी तुम्ही मला म्हणत होतात, पासपोर्ट बदला. आता तिथे राहायचं म्हटलं तर किती दिवस राहायचं हे कोणाला विचारायला नको," मावशी मला म्हणाल्या. आम्ही तिघंही त्याच विमानाने सुट्टीवर निघालो होतो.

मुंबईला उतरलो. तिथे रांगा उलट्या होत्या. भारतीयांची रांग भराभर सरकत होती, आणि आम्ही परदेशी लोकांच्या रांगेत, हातात पुरावे घेऊन उभे. मावशींना त्याच सकाळची सांगलीची गाडी पकडायची होती. कनेक्शन अगदी घट्ट, आणि या वेळी ते त्यांनी स्वतः ठरवलं होतं. तरी त्या मध्येच थांबल्या होत्या, आमच्याकडे बघत, घोटाळत.

माझा उजवा हात कधी वर गेला मला कळलं नाही.

"मावशी, तुम्ही व्हा पुढे," मी ओरडलो. "आम्ही येतोच."

त्या गेल्या.

आम्ही सुटलो तेव्हा सामानाचा पट्टा केव्हाच थांबला होता. आमच्या तिन्ही बॅगा उतरवून एका ट्रॉलीवर नीट रचलेल्या होत्या, जड खाली, हलकी वर, ट्रॉलीचा दांडा आमच्याकडे. शेजारी मावशींची बॅग नव्हती.