टांगलेली रोटी

मर्गिलानच्या आमच्या अंधशाळेत रोट्या मी भाजते. कोणी लांब निघालं, की ताज्या रोटीचा एक घास चावायचा, उरलेली भिंतीला टांगायची आणि परतल्यावर ज्याची त्यानंच संपवायची. झुलहुमोर ओपा, आमच्या शिक्षिका, कॉलेजला निघालेल्या प्रत्येक पोराला ती चावायला लावतात. गेली अकरा वर्षं त्या स्वतः पोरांना घेऊन ताश्कंदला कॉलेजांची दारं ठोठावतात.

परवा साबोहतला नेलं. पोरगी बोटांनी इतकं भरभर वाचते, की डोळस मागे पडावेत. काल संध्याकाळी दोघी दारात हजर.

"आता काय खुसपट काढलं मेल्यांनी?" मी विचारलं.

"डॉक्टरांच्या दाखल्यावर 'कामास अपात्र' लिहिलंय. कॉलेजवाले म्हणाले, मग शिकून करणार काय?" ओपा म्हणाल्या.

"फाडून टाका तो दाखला."

"अगं, मग अपंगत्वाची पेन्शन बंद. घर त्यावर चालतं हिचं."

साबोहतनं भिंत चाचपून रोटी काढली. भिंतीवर तेवढी एकच होती. ती खात म्हणाली, "मऊ आहे अजून."

अकरा वर्षांत त्या भिंतीवर एकही रोटी वाळलेली मी पाहिली नाही.