प्रिंटरची हाक

एकोणीसशे सत्त्याऐंशी साल. दिवाळी उलटून आठ दिवस झाले होते, पहाटे गारवा जाणवत होता. तेव्हा मांडवीला आमच्या मच्छीमार सोसायटीत कॉम्प्युटर आला. मी गोदामाचा मुकादम. नवं यंत्र आलं की किस्से गाळासारखे साचत जातात. उपसू तेवढे थोडे.

सोबत प्रिंटर होता. दोघांच्या मध्ये एक जाड वायर. चालवायला आमच्या टायपिस्ट सुलभाबाई. दोन वर्षं झाली तरी त्या तात्पुरत्याच होत्या. साहेब म्हणाले, "महिनाभर काम बिनचूक निघालं तर कायम. नाहीतर दुसरा माणूस बघतो." बाईंच्या घरी कमावणारं दुसरं कोणी नव्हतं.

*

प्रिंटरचा कागद आला. लांबच लांब, घड्यांचा, दोन्ही कडांना भोकं. मला ते ओंगळ दिसलं. दुपारभर बसून अख्ख्या गठ्ठ्याच्या कडा फाडून काढल्या.

बाई म्हणाल्या, "मुकादम, त्या भोकांतच यंत्राचे दात अडकतात."

"मग यंत्रानं आधी सांगायला हवं होतं," मी म्हणालो.

*

धूळ नको म्हणून साहेबांनी दारावर पाटी लावली, 'पादत्राणे बाहेर काढावीत'. धोंडू तांडेल होडीवरून थेट आला. अनवाणी, गुडघ्यापर्यंत चिखल. शिपायानं अडवलं, "बाहेर काढून ये."

धोंडूनं खाली पाहिलं. "काय काढू? पाय?"

*

छोटी बिलं नीट निघत. लांब यादी दिली की दोन पानांनंतर मधल्या ओळी गायब. एकदा आमच्या सभासद काशिनाथचं नाव छापलं गेलं, पुढच्या ओळी गळाल्या आणि कोणाच्या तरी सुरमईचं वजन त्याला येऊन चिकटलं. 'श्री. काशिनाथ, वजन चौदा किलो.'

काशिनाथ दारात मावत नसे. त्यानं कागद घडी करून खिशात घातला. "ह्यो घरी नेतो, बाई. बायको म्हणते, मी खाटेला जड झालो."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

*

मग मुंबईहून इंजिनिअर आला. त्यानं एक पान छापलं. स्वच्छ.

"मशीन ओके. बाईंचा हात चुकतो."

साहेब म्हणाले, "सुलभाबाई, शनिवारपर्यंतच या."

मी तिथं उभा होतो. पन्नाशीला मी अक्षर शिकलो, म्हणून मुकादम झालो. दुपारच्या सुट्टीत बाईंनीच शिकवलं. कोणाला कळू दिलं नाही.

त्याआधी वीस वर्षं मी जयगडला गलबतात कौलं भरली. तळातला माणूस 'आरिया' म्हणाला की वरच्यानं कौलांचा दोर सोडायचा, 'बस' म्हणाला की थांबायचं. वाऱ्यात 'बस' ऐकू गेलं नाही, तर कौलांचा चुरा.

मी इंजिनिअरला विचारलं, "प्रिंटरचं पोट भरलं की तो 'बस' म्हणतो का?"

तो हसला. "म्हणतो की. वायरीतून."

"वरच्याला ऐकू जातं का?"

त्याचं हसू गेलं. त्यानं प्लग उघडला. आत 'थांब' सांगणारी तार जोडलेलीच नव्हती. प्रिंटर ओरडत होता आणि कॉम्प्युटर आपला ओततच होता.

त्यानं तार जोडली. बाईंनी चाळीस पानांची यादी सोडली. कॉम्प्युटर थांबत, पुन्हा देत, प्रिंटरला शेवटच्या ओळीपर्यंत घेऊन गेला. एक ओळ गळाली नाही. साहेबांनी बाईंना कायम करायच्या कागदावर तिथंच सही केली.

संध्याकाळी बाई गोदामात आल्या. "मुकादम, तुमचे उपकार कसे फेडू?"

"तुमचेच होते," मी म्हणालो. "फिटले."