कानाला खूण नसलेलं कोकरू

ठाण्याच्या आवारात कोकरू बांधलेलं मी सगळ्या नोकरीत एकदाच पाहिलं, आणि ती घटना अजून मनातून हललेली नाही.

तेव्हा मी मुळशी तालुक्यातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होते. अंगावर कडक इस्त्रीचा गणवेश आणि माणूस नुसत्या नजरेनं ओळखता येतो असा ठाम गैरसमज. आज मला स्वतःचा चष्मा सापडत नाही, नातवंडं शोधून देतात. तेव्हा मात्र बाईसाहेब गुन्हेगार शोधायच्या, तेही चष्म्याशिवाय!

तक्रारदार मेंढपाळ होता. विशीतली मुलगी बेपत्ता.

"कुनीतरी पळवली, बाईसाहेब."

"कधी?"

"पावसाच्या आदी."

दिवाळी होऊन गेली होती. मी पेन खाली ठेवलं. "मग इतके दिवस काय करत होता, मामा?"

"वाट बघत हुतो."

"घरात भांडण झालं होतं?"

"न्हाई. म्या एक सबूद बोललो न्हाई."

मिसिंगची नोंद झाली, फोटो आसपासच्या ठाण्यांना गेला. मी आमच्या जुन्या हवालदारांना बाजूला घेऊन म्हणाले, "यानंच पोरीचं काहीतरी केलंय. डोळे बघा त्याचे." हवालदार म्हणाले, "डोळ्यांचं ऱ्हाऊ द्या मॅडम. काय केलेला माणूस रोज कोकरू काखेत मारून ठाण्यात येईल व्हय?"

कारण तो रोज येत होता. कोकराची आई मेलेली, त्याला बाटलीनं दूध पाजावं लागे, म्हणून ते सोबत. आवारातल्या गुलमोहराला ते बांधायचा आणि हिंजवडीच्या रस्त्याकडे तोंड करून बसायचा. नोटीस बोर्डावरचा एक फरारी आरोपी त्या कोकरानं पहिल्याच दिवशी खाल्ला. मी चिडून बापाची तीनदा चौकशी केली. तिन्ही वेळा तेच उत्तर.

खबर मिळाली ती कासारसाईहून. धरणाच्या काठी मेंढरं चारणारी एक म्हातारी हवालदारांना म्हणाली, "एक पोरगी दर ऐतवारी येती. गळ्यात कंपनीचा पट्टा असतुया. मेंढरांत बसती अन् जाती. आमच्यासंगं लई बोलत न्हाई." पुढच्या रविवारी आम्ही साध्या कपड्यांत गेलो. फोटोतलीच मुलगी. हिंजवडीतल्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला होती, मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहत होती.

"मी माझ्या मर्जीनं आलेय. आय ॲम फाइन, मॅडम," ती म्हणाली. उत्तर अगदी पाठ केल्यासारखं.

मुलगी सज्ञान. जबाब घ्यायचा, फाइल बंद करायची. घरच्यांना पत्ता देऊ नका असं तिनं लिहून दिलं, तर आम्हाला तो देता येत नाही. तिला तेच लिहून द्यायचं होतं. तिची सही झाली की गुलमोहराखालच्या माणसाला मी एवढंच सांगू शकणार होते, "जिवंत आहे. जा घरी."

ठाण्याच्या मोठ्या साहेबांना शंका आली. तिच्यावर कुणाचा दबाव तर नाही? त्यांनी तिला ग्रामीण रुग्णालयात येणाऱ्या मानसशास्त्रज्ञ बाईंकडे न्यायला सांगितलं. बाईंनी आधी प्रश्नावली दिली, स्वतःबद्दल होय-नाही लिहायची. मुलीनं पटापट भरली. एकटं वाटतं? नाही. राग येतो? नाही. घरची आठवण येते? नाही. मी म्हटलं, झालं काम!

मग त्यांनी शाईच्या डागांची कार्डं पुढ्यात ठेवली. मला हसू आलं. आम्ही ठशांवरून चोर पकडतो, ह्या डागांवरून काय पकडणार? बाईंनी शांतपणे मला विचारलं, "तुम्हाला काय दिसतं?" मी म्हटलं, "दोन आरोपी, तोंडाला फडकं बांधलेले." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्ची मागे सरकवली.

मुलीनं कार्ड हातात घेतलं. फिरवलं, उलटं केलं, पुन्हा फिरवलं. तिची शहरी भाषा गळून पडली. "मेंढरू हाय. पर कान कुटंय ह्याचा?" मग बोट ठेवून म्हणाली, "हितं हाय. खूण न्हाई कानाला. कुनाचंच न्हाई हे." पुढच्या कार्डातही तिनं कान शोधला. त्याच्या पुढच्यातही.

बाहेर आल्यावर मी विजयी सुरात म्हणाले, "म्हणजे प्रश्नावलीत खोटं लिहिलं तिनं!"

"खोटं नाही," बाई म्हणाल्या. "स्वतःबद्दल तिनं जे ठरवलंय ते तिनं लिहिलं. कार्ड हातात आल्यावर जे झालं ते तिनं ठरवलेलं नव्हतं. एकानं दुसऱ्याला खोटं पाडायचं नसतं, दोन्ही शेजारी ठेवून वाचायची. आणि हा पुरावा नव्हे हं. कुठं विचारायचं, तेवढं यातून कळतं."

मी आत गेले आणि आयुष्यात पहिल्यांदाच, 'घर का सोडलं?' असं न विचारता, विचारलं, "तुमच्या मेंढरांच्या कानाला कसली खूण असते गं?"

ती म्हणाली, "दोन चिरा. म्याच करायची." नोकरीवर निघाली त्या सकाळी बाप सगळ्यांदेखत म्हणाला होता, "जिच्या कानाला आपली खूण न्हाई ती वाड्यात घ्यायची न्हाई. आजपास्नं तू तसली." वाडा म्हणजे मेंढरं कोंडायचं कुंपण. "मंग कशाला येऊ आठवण?" ती मला विचारत होती.

मी ठाण्यात परतले. बाप बसला होताच. त्याला काही विचारून उपयोग नव्हता, त्यानं 'एक सबूद' न बोलल्याचं स्वतःशी पक्कं केलेलं होतं. मी कोकराजवळ उकिडवी बसले आणि त्याचे कान चाचपले. दोन्ही कोरे.

"मामा, हे खूण करायच्या वयाचं झालं की."

"व्हय. औंदाची समदीच तशी हायेत."

"का?"

"ती करायची. तिचा हात हलका, पिल्लू वराडत न्हाई." तो रस्त्याकडेच बघत होता. "आली का करंल."

"आणि तोवर वाड्यात घेता त्यांना? बिनखुणेची?"

त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. मग पागोट्याचं टोक डोळ्यांना लावलं.

मी त्याला काही सांगितलं नाही, कायद्यानं सांगता येत नव्हतं. पण जे पाहिलं ते मुलीला सांगायला कायद्याची आडकाठी नव्हती. ऐकून ती आधी हसली. "समदी? येड्यावानी केलं म्हाताऱ्यानं. कुनाचीबी कुनात मिसळतील की!" मग रडू लागली. जबाबातलं पत्त्याचं वाक्य तिनं मला खोडायला लावलं. नोकरी सोडली नाही, पण पुढचा रविवार तिनं कासारसाईला घालवला नाही.

जबाब हा आमच्या कामाचा कणा. पण माणूस काय सांगतो ते कागदावर घेताना त्याचे हात काय करतात तेही बघावं, आणि मग दोन्ही खरं धरावं, हे मला त्या कोकरापाशी उमगलं. पुढच्या चौकशांत मला त्याचा फार उपयोग झाला.

माझी धाकटी नात आईवडिलांबरोबर परदेशी गेली, त्याला आता वर्ष होत आलं. परवा फोनवर तिनं विचारलं, "आजी, माझी आठवण येते?"

"छे! निवांत आहे मी," मी ठणकावून जबाब दिला.

तेव्हा माझ्या एका हातात तेलाची बुधली होती. तिच्या झोपाळ्याच्या कड्यांना मी दर रविवारी तेल घालते.