शेवंतीबाईंचा सावकाश उजेड

शेवंतीबाई वाघमारे जोगेश्वरीच्या लेण्यांना लागून असलेल्या वस्तीत राहतात. वय साठीच्या पुढे. मी जवळच्या शाळेत चित्रकला शिकवते आणि दरवर्षी सातवीची मुलं घेऊन लेण्यात जाते. भर दुपारीही आत काळोख, त्यात शिल्पं झिजलेली. तीन वर्षांपूर्वी मी मोबाइलचा उजेड पाडून मुलांना काहीतरी दाखवायची धडपड करत होते, तेव्हा मागून आवाज आला, "बाई, समोरून नका मारू. भिंतीला चिकटून मारा, आडवा."

मागे शेवंतीबाई उभ्या होत्या, हातात जुना पितळी टॉर्च. त्यांनी तो भिंतीला टेकवला. कोऱ्या वाटणाऱ्या दगडातून एक गुडघा पुढे आला, मग कंबर, मग नाचणारा हात.

"तुमच्या मोबाइलात दगड राखेसारखा दिसतो," त्या म्हणाल्या. "हा तारेचा उजेड आहे, चुलीसारखा."

टॉर्चमधला बल्ब त्यांनी स्वतः बनवलेला होता. जालन्याकडून लग्न होऊन मुंबईत आल्यावर अंधेरीच्या एका छोट्या कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं टॉर्चचे बल्ब जोडले. डोळ्याला भिंग लावून केसाहून बारीक तारेचं वेटोळं दोन खुंट्यांवर बसवायचं, श्वास रोखून. एलईडी आले, कारखाना बंद पडला. निघताना मालकाने प्रत्येकीला एक डबा बल्ब दिले. त्यातले नऊ उरले होते. पुढे कधीच मिळणार नव्हते.

त्यांचे सेल भराभर संपतात हे पाहून मी त्यांना तीन रिचार्जेबल सेल आणि चार्जर आणून दिला. मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं मला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बटण दाबलं, 'टिंग' असा बारीक आवाज आला आणि बल्ब गेला. त्यांनी दुसरा लावला. तो आठवडाभर चालला. सेल पुन्हा चार्ज करून घातले, तर तोही पहिल्याच झटक्याला गेला. नवाचे सात झाले.

"वाट लावली मी तुमची," मी म्हटलं. "फेकून द्या ते सेल."

"थांबा हो. त्यावर आकडा काय आहे, वाचा."

मी वाचलं, एक पूर्णांक दोन. जुन्या सेलवर दीड.

"म्हणजे हे कमी ताकदीचे. मग माझा बल्ब मरतो कसा?"

त्यांनी फळीवरून कारखान्यातलं भिंग काढलं आणि गेलेला बल्ब खिडकीशी धरला. बराच वेळ बघत राहिल्या.

"जळत असताना नाही मेला हा. पेटताना मेला. थंड तार अधाशी असते बाई, पहिल्या क्षणी वाटेल तेवढी वीज ओढते. तापली की आवरते. जुना सेल दमेकरी, एकदम मागितलं तर त्याला देता येत नाही. तुमचा हा दिलदार आहे. मागितलं की सगळं ओततो."

भिंग पदराने पुसत त्या पुढे म्हणाल्या, "तपासणीच्या टेबलावर आम्ही कधीच धाडकन बटण दाबत नव्हतो. चावी फिरवून वीज चढवायची, हळूहळू."

सातवीपर्यंत शिकलेली ही बाई भिंग खाली ठेवून चहा टाकायला उठली आणि मी त्या मेलेल्या बल्बकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रीतमच्या दुकानात गेलो. तो नाक्यावर रेडिओ-मिक्सर दुरुस्त करतो. त्याने चार्जरमधून नुकत्याच काढलेल्या सेलला मीटर लावला. काटा जवळजवळ दीडवर गेला.

"मावशी, ताजे असताना हे जास्तच उड्या मारतात. चार्ज झाले की एक रात्र राहू द्यायचे, मग घालायचे."

"ते करीन. पण माझी चावी कुठंय?"

त्यांनी चावीची गोष्ट सांगितली. प्रीतम हसला आणि एका मेलेल्या कॉम्प्युटरच्या पोटातून बटणाएवढी काळी चकती कापून काढली. थर्मिस्टर. थंड असताना वीज अडवते, स्वतः तापत जाते तशी सोडत जाते. "हीच तुमची चावी. हाताने फिरवायला नको." त्याने ती सेल आणि स्प्रिंगच्या मध्ये बसवून दिली.

पुढच्या वर्षीच्या सहलीला मी पस्तीस मुलांना आतल्या दालनात काळोखात उभं केलं. शेवंतीबाईंनी टॉर्च भिंतीला टेकवला आणि बटण दाबलं. काहीच झालं नाही. मग दगडात निखाऱ्यासारखा लाल डाग उमटला. तो केशरी झाला, पसरला, आणि नाचणारा देव अंधारातून सावकाश बाहेर आला. आधी बोटं, मग खांदा, सगळ्यात शेवटी झिजलेला चेहरा. दोनएक सेकंद लागले असतील. पाठीमागे कुणीतरी श्वास घेतलेला ऐकू आला.

एका मुलीने हळूच विचारलं, "आजी, परत करता?"

"चकती निवू दे थोडी," शेवंतीबाई म्हणाल्या. बाहेर आल्यावर पायरीवर बसून त्या मला म्हणाल्या, "बावीस वर्षं रोज शेकड्यांनी पेटवले. टेबलावर पांढरा कागद असायचा समोर. एवढ्याशा तारेत हे असतं, ठाऊकच नव्हतं."

त्याला आता दोन वर्षं झाली. डब्यात अजून सहा बल्ब आहेत आणि सातवा टॉर्चमध्येच चालू आहे. इतर शाळांच्या शिक्षिकाही त्यांना बोलावतात. मागच्या महिन्यात गेले तर त्या एकट्याच आत, खांबापाशी बसल्या होत्या, टॉर्च दुसऱ्याच एका भिंतीला टेकवून. त्या भिंतीवर मला आजवर काही दिसलं नव्हतं.

"या, बसा," त्या म्हणाल्या. "इथं एक हात सापडलाय. कुणाचा, ते बघतेय."