सळईजवळचं मीठ

गाय पुढच्या गुडघ्यांवर कोसळली तेव्हा तिची जीभ विजेच्या सळईलाच लागलेली होती. हंबरलीसुद्धा नाही. चारी पाय ताठ झाले आणि ती कुशीवर पडली. सून दावं धरायला धावली. मी मागून तिचा पदर धरून असा ओढला की ती पाठीवर आपटली.

"आत्याबाई, सोडा! गाय मरून राहिली!"

"मरू दे. हात लावलास तर तूबी मरशील."

देवणीजवळच्या आमच्या शेतात पाणी मोजणारे लोक दोन वर्षं येत होते. उन्हाळ्यात एकदा, पावसाळा सरल्यावर एकदा. बांधापासून ओढ्यापर्यंत वायर अंथरायचे, ठरल्या खुणांवर लोखंडी सळया ठोकायचे आणि जमिनीत वीज सोडायचे. त्यांच्या प्रमुख एक तरुण बाई होत्या, त्यांना सगळे मॅडम म्हणायचे. त्यांनी मला लॅपटॉपवर दाखवलं होतं. वर मिळालेल्या आकड्यांवरून उलटा हिशेब करून खाली काय असेल त्याचं चित्र निघतं. ओलं ते निळं, कोरडं ते लाल. जुनं चित्र नव्याशेजारी ठेवलं की पाणी किती हटलं ते दिसतं. आमच्या शेताखालचं निळं दर खेपेला आखडत होतं. मी चौथी शिकलेली, पण एवढं कळलं. वीज चालू असताना सळईजवळ जायचं नाही, हेही कळलं होतं.

उन्हाळ्यात कोरड्या मातीत वीज नीट शिरत नाही, म्हणून ते सळईच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतायचे. त्या दिवशी मला ते थोडं वाटलं. घरातून ओंजळभर खडेमीठ आणून मीच टाकलं. जनावर मिठाला किती हावरं असतं हे मला माहीत होतं. जन्म गोठ्यात गेला माझा. तरी टाकलं.

वायरीच्या त्या टोकाला सळईच्या राखणीला त्यांचा एक माणूस होता. मधल्या बाभळींमुळे मॅडमना तिकडचं दिसायचं नाही. तो फोनवर 'मोकळं' म्हणाला की त्या वीज सोडायच्या. मी त्याला म्हटलं, "जा, सुनेनं चहा केलाय. मी बघून राहिले की."

"आजी, नजर ठेवा बरं."

"हाव. माझे डोळे तुझ्याहून बरे हायत," मी गोठ्यातल्या सुनेलाही ऐकू जाईल असं म्हटलं.

तो गोठ्याकडे गेला आणि मी सळईकडे पाठ करून तुराट्या गोळा करत बसले. त्याला चहा देऊन सून गाय हौदावर नेत होती. मिठाचा वास लागताच गायीनं हिसका देऊन दावं सोडवलं आणि सळई गाठली. तेवढ्यात गोठ्यात त्या माणसाला फोन आला आणि तो कपबशी हातात धरून म्हणाला, "मोकळं हाय, मॅडम."

माझं ओरडणं ऐकून मॅडमनी वीज बंद केली. धावत आल्या. गायीकडे, मग सळईच्या बुडाशी वाकून बघितलं.

"इथं एवढं मीठ कुणी टाकलं?"

तो माणूस पांढराफटक पडला होता.

"मी," म्हटलं. "त्याला चहाला बी मीच धाडलं."

सून उठली, पाठीची माती न झटकता माझ्यासमोर आली.

"लई डोळे बरे हायत न्हाई का तुमचे?"

माझ्या मुठीत तिच्या पदराचा फाटका तुकडा तसाच होता.

देवणीहून जनावरांचे डॉक्टर आले. गाय सात महिन्यांची गाभण होती. गाय मेली, पोटातलं वासरू मेलं. सून जगली.