पाण्यात कचरा नव्हता

“सॅम्पल घेताना मॅडमनी हात धुतले होते का?”

प्रश्न मला नव्हता, आमच्या सरांना होता. मी सरांच्या शेजारच्याच खुर्चीत बसले होते. माझे दोन्ही हात टेबलावर होते आणि कारखान्याचे मॅनेजर त्या हातांकडे बघून सरांना विचारत होते. दोघे-तिघे हसले. सरही हसले. थोडंसंच, गिऱ्हाईक नाराज होऊ नये इतपत.

मग मॅनेजरांनी माझं पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं. आडनाव ऐकून ते जरा थांबले.

“अच्छा. गाव?”

“दौंड.”

“दौंडमध्ये कुठं?”

हा प्रश्न आम्हाला आयुष्यभर विचारला जातो. विचारणाऱ्याला पत्ता नको असतो. मी म्हटलं, “रेल्वे लाइनच्या पलीकडं.” पुन्हा “अच्छा.” मग ते सरांकडे वळले आणि म्हणाले, “पीफास म्हणे कशातही असतं. क्रीममध्ये, कपड्यांत. आता कुणाच्या हातून काय लागलं, आपण कसं सांगणार?”

वाईट याचं वाटलं, की पहिलं वाक्य खरं होतं.

मी रसायनशास्त्रज्ञ आहे. पुण्यातल्या एका खाजगी प्रयोगशाळेत अकरा वर्षं पाणी तपासलं. शिरूर तालुक्यातला तो कारखाना कापडाला आणि भांड्यांना लेप देतो. पाणी आत न शिरणारं जाकीट, काही न चिकटणारा तवा, असलं सगळं. त्या लेपात ही पीफास नावाची रसायनं असतात. ती कुजत नाहीत, उन्हानं जात नाहीत, पाणी उकळून जात नाहीत. पाण्यातून माणसाच्या रक्तात गेली की वर्षानुवर्षं तिथंच मुक्काम करतात. परदेशातल्या गिऱ्हाइकानं अट घातली म्हणून कारखान्याला आजूबाजूच्या बोअर तपासून हव्या होत्या. खरं तर तपासून नकोच होत्या. पाणी स्वच्छ आहे असा कागद हवा होता.

ही रसायनं इतक्या बारीक प्रमाणात मोजतात, की सॅम्पल घेणारा माणूसच ते बिघडवू शकतो. म्हणून आदल्या दिवसापासून मी चेहऱ्याला क्रीम वगैरे काही लावायची नाही. शंभरदा धुतलेला सुती ड्रेस घालायची. दर बाटलीला नवे हातमोजे. आणि एक ब्लँक. ब्लँक म्हणजे प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी बरोबर न्यायचं, बोअरपाशी उभं राहून त्याच हातांनी, त्याच हवेत, एका रिकाम्या बाटलीत ओतायचं आणि ती बाटलीही तपासायची. तिच्यात काही सापडलं तर दोष माझ्या हाताचा. नाही सापडलं तर माझा हात सुटला.

मला ही ब्लँकची पद्धत फार आवडायची. आमच्या लोकांना आजवर कुणी अशी बाटली दिली नव्हती. पाणी बाटलं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. तपासतंय कोण?

पहिल्या फेरीला माझ्याकडून चूक झाली. थंडीचे दिवस होते, शिरूरहून मोटारसायकलवर निघाले होते आणि अंगात नवंकोरं जाकीट होतं. असल्याच लेपाचं. पहिल्या बोअरवर ते काढायचं राहून गेलं. ब्लँक तपासली तर तिच्यात पीफास. एक सहकारी म्हणाला, “ती बाटली फुटली म्हणून लिही, कुणाला कळतंय.” मला कळत होतं. मी वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ब्लँक दूषित, कारण बहुधा सॅम्पल घेणारीचं जाकीट, पूर्ण फेरी रद्द. सही केली. त्या सहीचा मला अभिमान होता. मूर्ख होते.

दुसऱ्या फेरीला प्रयोगशाळेची जीप घेतली आणि जुना लोकरी स्वेटर. तुलनेसाठी लांबची एक विहीर हवी होती, ती कवठे येमाईच्या बाजूला घेतली. भीमेचं पाणी वडगाव रासाईला घेतलं. मग कारखान्याजवळच्या चार बोअर. त्या गावाचं नाव लिहीत नाही. नाव कळलं तर डेअरीवाला दूध उचलायचा नाही, असं तिथले लोक म्हणाले. त्यांचं बरोबर आहे.

चौथी बोअर एका धनगर आबांची. आबांचे वडील मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. आबांनी जमीन धरली, आता कांदा करतात, चार गाई आहेत. वस्तीवरची आठ घरं त्याच बोअरचं पाणी पितात. मी बाटल्या मांडत होते तेवढ्यात आबा तांब्या घेऊन आले. वर पेला उपडा.

“उनाचं आलाय. पानी घ्या आधी.”

“नको आबा. काम चालू असताना आम्हाला काही खायचं-प्यायचं नसतं. नियम आहे.”

नियम खरा होता. पण अर्धवट खरा. बोअर कारखान्याच्या उताराला होती, मला त्या पाण्याचा संशय होता, आणि कारखान्याच्या परवानगीशिवाय गावात अवाक्षर काढायचं नाही असा करार होता. आबा तांब्या घेऊन तसेच उभे राहिले. मग हळूच म्हणाले, “आमचं पानी चालत न्हाई व्हय, म्याडम?”

मी बाटलीचं झाकण घट्ट करत राहिले. आबांनी तांब्या दगडावर ठेवला आणि त्यावर पेला नीट झाकला. “न्हाई तर न्हाई. ऱ्हाऊ द्या.”

तो चेहरा मला माहीत होता. आठवीत असताना तो माझा होता.

आमची शाळा दौंडातच. गॅदरिंगचा दिवस होता. पाहुण्यांसाठी आणि पोरांसाठी पाण्याचं पिंप भरायचं काम बाईंनी माझ्याकडे दिलं. मला कोण आनंद. माझे वडील दौंड जंक्शनला गाड्यांच्या डब्यांत पाणी भरायचे. खांद्यावर जाड पाइप टाकून एकामागून एक डबा. माझा बाप अख्ख्या गाडीला पाणी देतो, मी अख्ख्या शाळेला देणार. पिंप राखेनं घासलं, तीनदा विसळलं, नळाचं पाणी फडक्यातून गाळून भरलं. भरल्यावर आत वाकून बघितलं. तळ स्वच्छ दिसत होता.

दहा मिनिटांत शिपाईमामांनी पिंप आडवं केलं. सगळं पाणी मैदानात गेलं. मग दुसऱ्या दोन मुलींना भरायला लावलं. त्याच नळाचं. मी कोपऱ्यात उभी. बाई माझ्याजवळ आल्या, आवाज अगदी गोड.

“पाण्यात कचरा होता गं. हो ना?”

मी म्हणाले, “हो बाई.”

बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवायला उचलला आणि मागे घेतला.

घरी सांगितलं तर वडील जेवता जेवता थांबले. शिव्या दिल्या नाहीत. एवढंच विचारलं, “तू वाकून बघितलं व्हतंस ना?”

“व्हय.”

“कचरा व्हता?”

“न्हाई.”

“मंग व्हय कशाला म्हनलीस?”

पाणी ओतून दिलं याचं दुःख झालं, पण त्यापेक्षा जास्त जळलं ते या प्रश्नानं. जणू बाईंनी खोटं लिहिलं होतं आणि त्याच्याखाली मी सही केली होती. पुढं रसायनशास्त्र का घेतलंस म्हणून कुणी विचारलं, की मी आवड होती म्हणून सांगायची. आवड कसली.

तीन महिन्यांनी दुसऱ्या फेरीचे निकाल आले. ब्लँक स्वच्छ. कवठे येमाईची विहीर स्वच्छ. भीमेच्या पाण्यात किंचित. आबांच्या बोअरचा आकडा यंत्रानं दिला तेव्हा मी खुर्चीतून उठले. नवीन ब्लँक लावून परत चालवलं, तोच आकडा. त्याच बोअरची, त्याच वेळी भरून ठेवलेली दुसरी बाटली काढली, तोच आकडा. कुठल्याही देशाचा नियम लावा, ते पाणी प्यायच्या लायकीचं नव्हतं. वस्तीवरची आठ घरं माझ्या डोळ्यांपुढून गेली. लहान पोरं होती तिथं, एक बाई पोटुशी होती.

ते निकाल घेऊन आम्ही कारखान्यात गेलो होतो, आणि तिथं माझ्या हातांची चौकशी झाली.

परतताना गाडीत, शिक्रापूर आल्यावर, सरांनी विषय काढला. माणूस तसा वाईट नव्हता. मला यंत्र त्यांनीच शिकवलं होतं.

“चार नंबरची बोअर वगळू. शेरा तुम्ही लिहा. सॅम्पल घेणाऱ्या व्यक्तीमुळे दूषित झाल्याची शक्यता, निकाल ग्राह्य नाही.”

“सर, ब्लँक स्वच्छ आहे.”

“पहिल्या फेरीची नव्हती ना? तुमच्याच अक्षरात लिहिलंय.”

“ती फेरी मी रद्द केली होती. म्हणून तर दुसरी केली.”

“हे बघा, तुमच्या हाताबद्दल कुणी व्यक्तिशः बोलत नाहीये. तुम्ही लोक फार मनाला लावून घेता.”

तुम्ही लोक. अकरा वर्षं त्यांच्या घरी दिवाळीच्या फराळाला जात होते. अकरा वर्षं मी मॅडम होते, एक शेरा लिहायची वेळ आली आणि लोक झाले.

रात्रभर तळमळले वगैरे काही नाही. झोपले. सकाळी टेबलावर रिपोर्ट ठेवलेला होता, शेरा टाइप केलेला, खाली माझं नाव, सहीची जागा रिकामी. मी तो दोनदा वाचला. गोड आवाज होता त्या वाक्याचा. पाण्यात कचरा होता गं, हो ना?

मी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्यानंच सांगितलं, “मी सही करणार नाही. माझे हात स्वच्छ होते. त्याचा पुरावा बाटलीत आहे. घाण कारखान्याच्या पाण्यात आहे, तुम्ही ती माझ्या हाताला लावताय.”

“नोकरी जाईल.”

“जाऊ द्या.”

सर चष्मा पुसत राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. महिन्याभरात मला काढलं. रिपोर्ट दुसऱ्या कुणाच्या तरी सहीनं गेला, चार नंबरची बोअर वगळून. त्यात माझं नाव फक्त एकाच ठिकाणी आहे, दूषित या शब्दाच्या शेजारी.

मग मी आबांच्या वस्तीवर गेले. जीप नव्हती, शिरूरहून एसटीनं आणि पुढं पायी. ओट्यावर बसून सगळं सांगितलं, सोप्या शब्दांत, काही न लपवता. उकळून उपयोग नाही हेही सांगितलं. सून दारात उभी राहून ऐकत होती. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजी तवा तुम्ही पानी न्हाई घेतलं ते ह्यापायी?”

“हो आबा.”

“तवा ठावं व्हतं तुमास्नी?”

“संशय होता. खात्री नव्हती. आणि सांगायची परवानगी नव्हती.”

आबा माझ्याकडे बघत राहिले. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. “संशयानं तुम्ही न्हाई प्याला,” ते म्हणाले. “आमाला त्यो संशय सांगितला असता तर आमी तरी प्यालो असतो का? चार म्हैनं गेलं, पोरी. ही पोटुशी व्हती.”

कुणाला वाटेल, सही नाकारली म्हणजे मी मोठं काही केलं. ते आबांना जाऊन सांगा. माझी जीभ चार महिने कराराला बांधलेली होती आणि त्या चार महिन्यांत आठ घरांनी तेच पाणी प्यायलं. शाळेत पिंप ओतलं तेव्हा मी खरं सांगितलं नाही, आणि हातात यंत्र आल्यावरही सांगितलं नाही. पहिल्या वेळी तेरा वर्षांची तरी होते.

सध्या दौंडला एका कॉलेजात तासावर शिकवते. वहीच्या पानांची प्रत माझ्याकडे आहे. ती बाहेर नेता येत नाही, नेलेली आहे. जिथं जिथं अर्ज देता येतो तिथं दिला, पोचपावत्या जपून ठेवल्यात. एका कार्यालयातल्या साहेबांनी अर्ज वाचायच्या आधी माझं आडनाव वाचलं, तेही मी बघितलं. आबांच्या बोअरवर अजून मोटर चालते, गाई तेच पाणी पितात. प्यायचं पाणी सून आता दुसऱ्या वस्तीवरून डोक्यावर आणते. पीफास किती आणि कुठवर पसरलंय हे कुणी तपासत नाही, म्हणून या उन्हाळ्यात मीच तपासणार आहे. माझ्या विद्यार्थिनींना बाटली धरायला शिकवलंय, हातमोजे बदलायला शिकवलंय. दर बोअरला ब्लँक घेणार, कारण हातांची चौकशी पुन्हा होणार आहे.

एक गोष्ट मात्र बदलली. यापुढं संशय आला की आधी पिणाऱ्याला सांगणार. निकाल आला की आधी पिणाऱ्याला सांगणार. पैसे देणाऱ्याला त्याच्या मागून. असल्या अटीवर कुणी काम देणार नाही, हे मला माहीत आहे.

आणि त्या बाई दौंडातच राहतात. रिटायर झाल्यात, बाजारात दिसतात, ओळख दाखवत नाहीत. पुढच्या वेळी मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहणार आहे. बाई, त्या दिवशी मी हो म्हणाले होते, ते खोटं होतं. पाण्यात कचरा नव्हता. मी वाकून बघितलं होतं.